मुंबईचा कापूस, कलकत्त्याची शिष्यवृत्ती आणि ताऱ्यांचे तापमान

१९१९ साली कलकत्ता विद्यापीठाने पंचविशीतल्या एका अध्यापकाला ‘प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती’ दिली. ताऱ्यांच्या वर्णपटांचे हार्वर्डच्या वेधशाळेत जे वर्गीकरण झाले होते, तो त्याच्या प्रबंधाचा विषय होता. अध्यापकाचे नाव मेघनाद साहा. पुढच्याच वर्षी लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्ये त्याचा एक शोधनिबंध छापून आला आणि ताऱ्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा वाचायची किल्ली खगोलशास्त्राच्या हाती लागली. विश्वातले बहुतेक साधे द्रव्य हायड्रोजन आहे, हे आज शाळेतले मूलही सांगते. ते कळण्याचा रस्ता या निबंधावरून गेला.

शिष्यवृत्तीचा पैसा कलकत्त्याचा नव्हता. तो मुंबईहून आला होता, आणि ज्याने तो दिला त्याची संपत्ती मुंबईच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या सट्ट्याच्या दिवसांतली होती. कापूस आणि तारे यांना जोडणारा हा धागा क्वचितच कोणी उलगडून दाखवतो. मला तो भारतीय विज्ञानाच्या इतिहासातल्या सर्वांत विलक्षण धाग्यांपैकी एक वाटतो.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल तुटला. तोवर त्यांना लागणाऱ्या कापसापैकी जवळजवळ चार पंचमांश अमेरिकेतून येत असे. आता गिरणीवाले हिंदुस्थानकडे वळले. वऱ्हाड, खानदेश, हिंगणघाट, गुजरात, धारवाड इथल्या आखूड धाग्याच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात एरवी दुय्यम मान होता. तोच कापूस आता मागेल त्या भावाने उचलला जाऊ लागला आणि त्यातला बहुतेक मुंबईच्या बंदरातून जहाजांवर चढला. युद्धाच्या त्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या मिळकतीपेक्षा सुमारे आठ कोटी पौंड जास्त मिळाले, असा हिशेब शहराच्या जुन्या इतिहासांत दिलेला असतो. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, ते याच भरभराटीच्या दिवसांत.

एवढा पैसा गुंतवावा कुठे? गिरण्या मोजक्या होत्या, कारखाने जवळजवळ नव्हतेच. मग कंपन्या निघू लागल्या. १८६५ च्या जानेवारीत शहरात ३१ बँका होत्या. त्यांच्या जोडीला वित्तसंस्था, विमा कंपन्या, जहाज कंपन्या, कापूस दाबण्याच्या कंपन्या आणि समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या होत्या. यातली बॅकबे रेक्लमेशन कंपनी सर्वांत गाजली. मलबार हिल आणि कुलाबा यांच्यामधला समुद्र भरून काढायचा, अशी तिची योजना. तिच्या पाच हजार रुपये भरलेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांपर्यंत चढला. समुद्र होता तिथेच होता, चढला होता तो कागद.

या सगळ्या उलाढालीच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद होते. जन्म सुरतचा, शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत. इंग्रजी लिहिता-वाचता येणारा दलाल त्या काळी दुर्मीळ होता आणि वयाच्या तिशीतच ते ‘कापसाचे राजे’ म्हणून ओळखले जाऊ लागले. बँक ऑफ बॉम्बेचे कर्ज कोणाला मिळावे, हे त्यांच्या शब्दावर ठरे. पुरेसे तारण नसतानाही मोठमोठ्या रकमा दिल्या गेल्या, हे पुढे सरकारी चौकशीत उघड झाले.

१८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार हे दिसताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ ही वायद्याचे सौदे पुरे करण्याची ठरलेली तारीख होती. त्या दिवशी देणे कोणालाच देता येईना. एकाचे दिवाळे निघाले की त्याच्या मागे दहा जणांचे निघे. बॅकबेचे शेअर मातीमोल झाले, बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. प्रेमचंद स्वतःही या कोसळण्यातून सुटले नाहीत.

पण काही रक्कम त्यांच्या हातून आधीच सुटलेली होती. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले होते आणि आपल्या आईच्या, राजाबाईंच्या नावाने मनोरा बांधण्यासाठी आणखी दोन लाख. तो राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, म्हणजे तेजी संपून तेरा वर्षे झाल्यावर. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख दिले. मुद्दल राखून ठेवायची आणि तिच्या व्याजातून उत्तम विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती द्यायची, ही त्यामागची योजना. शेअरबाजारातल्या चिठ्ठ्या विरून गेल्या. विद्यापीठाकडे गेलेली मुद्दल टिकली आणि दर वर्षी थोडे थोडे देत राहिली.

ही शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यांत आशुतोष मुखर्जी होते. गणितात विलक्षण गती असलेला हा माणूस पुढे न्यायाधीश झाला आणि १९०६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाचा कुलगुरू. विद्यापीठाचे काम परीक्षा घेण्यापुरते असू नये, तिथे नवे ज्ञान जन्मले पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. सरकारकडून पुरेसे पैसे मिळत नव्हते. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन नामांकित वकिलांनी आपली आयुष्यभराची कमाई लाखांच्या देणग्यांच्या रूपाने दिली. त्यातून १९१४ मध्ये विज्ञान महाविद्यालयाचा पाया घातला गेला. चंद्रशेखर व्यंकट रामन तिथे पालित प्राध्यापक झाले. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा या नुकत्याच एम.एस्सी. झालेल्या दोन तरुणांना आशुतोषबाबूंनी तिथेच नेमले. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरील मूळ जर्मन लेखांचे इंग्रजी भाषांतर या दोघांनी केले आणि विद्यापीठाने ते १९२० मध्ये छापले.

साहांना पैशाची किंमत कोणी सांगायला नको होती. ढाका जिल्ह्यातल्या शेओडातली गावात वडिलांचे लहानसे दुकान, घरात खाणारी तोंडे पुष्कळ. १९०५ च्या वंगभंगाच्या वातावरणात लेफ्टनंट गव्हर्नरांच्या भेटीचा निषेध केल्याबद्दल त्यांना सरकारी शाळेतून काढून टाकले गेले आणि मिळत असलेली शिष्यवृत्तीही गेली. दुसऱ्या शाळेत जाऊन, पुन्हा शिष्यवृत्त्या मिळवून ते प्रेसिडेन्सी कॉलेजपर्यंत पोहोचले. १९१७ च्या सुमारास त्यांनी प्रकाशाच्या दाबाचा अणूंवर होणारा परिणाम मांडणारा मोठा निबंध अमेरिकेच्या ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे पाठवला. छपाईचा काही खर्च लेखकाने सोसावा, असे उत्तर आले. तेवढे डॉलर त्यांच्याजवळ नव्हते. जर्नलमध्ये फक्त एक छोटे टिपण आले आणि सविस्तर निबंध कलकत्त्यातल्या अशा नियतकालिकात छापला गेला जे बाहेर कोणी वाचत नव्हते. त्यामुळे या कल्पनेचे श्रेय त्यांना जगाकडून उशिरा आणि अर्धवट मिळाले. काहीशे डॉलरांच्या अभावी विज्ञानाचे किती नुकसान होऊ शकते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आता साहांच्या प्रबंधामागचा, ताऱ्यांच्या वर्णपटांचा मूळ प्रश्न. सूर्याचा किंवा ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पसरला की सप्तरंगी पट्ट्यावर बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक रंगाचाच प्रकाश शोषते, म्हणून या रेषा म्हणजे त्या मूलद्रव्याची ओळख. हे १८६० च्या आसपास बुन्सेन आणि किर्खहॉफ यांच्या कामातून कळले होते. त्यानंतर हजारो ताऱ्यांचे वर्णपट हार्वर्डमध्ये काचेवर टिपले गेले. त्यामागेही एका खासगी संपत्तीचा आधार होता. हेन्री ड्रेपर हा हौशी खगोलशास्त्रज्ञ १८८२ मध्ये अकाली गेला, तेव्हा त्याची पत्नी ॲना पामर ड्रेपर हिने वडिलांकडून आलेली संपत्ती या कामासाठी दिली. त्या पैशावर हार्वर्डमध्ये स्त्रियांचा एक गट अतिशय तुटपुंज्या वेतनावर वर्षानुवर्षे काचा तपासत बसला. त्यांतल्या ॲनी जंप कॅनन यांनी सव्वादोन लाखांच्या आसपास ताऱ्यांचे वर्गीकरण केले. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही वर्गांची अक्षरे आजही तीच आहेत.

पण वर्गीकरण झाले तरी अर्थ लागत नव्हता. व्याध आणि अभिजित यांच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा ठळक. सूर्यात त्या फिकट आणि लोह, कॅल्शियम यांच्या रेषांची गर्दी. ज्येष्ठा आणि काक्षी या तांबड्या ताऱ्यांत तर संयुगांचे रुंद पट्टे. मग व्याधात हायड्रोजन जास्त आणि सूर्यात लोखंड जास्त, असे समजायचे का? प्रत्येक तारा वेगळ्या द्रव्याचा असेल तर विश्वाच्या जडणघडणीविषयी एकही सर्वसाधारण विधान करता येत नाही.

साहा त्या वेळी एम.एस्सी.च्या वर्गांना उष्मागतिकी आणि वर्णपटशास्त्र शिकवत होते. ॲग्नेस क्लर्क यांच्या सूर्य आणि ताऱ्यांवरच्या लोकप्रिय पुस्तकांनी त्यांना या प्रश्नाची ओढ लावली होती. जर्मन नियतकालिके ते नियमाने वाचत. एगर्ट या जर्मन शास्त्रज्ञाचा ताऱ्यांच्या अंतर्भागातल्या अणूंविषयीचा लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्यांना नेमके काय करायला हवे ते दिसले.

अणू तापला की त्यातला इलेक्ट्रॉन सुटू शकतो. उरतो तो आयन. साहांनी ही घटना एखाद्या रासायनिक अभिक्रियेसारखी मानली. एका बाजूला अणू, दुसऱ्या बाजूला आयन आणि मोकळा इलेक्ट्रॉन, आणि दोन्ही बाजूंमध्ये सतत चालू असलेली ये-जा. ती कुठे स्थिरावेल हे तीन गोष्टींवर ठरते. तापमान जितके जास्त तितके अणू अधिक फुटतात. त्या मूलद्रव्याचा इलेक्ट्रॉन काढायला जितकी कमी ऊर्जा लागते तितके तो सुटणे सोपे. आणि तिसरी गोष्ट दाब, जी तोवर सगळ्यांच्या नजरेतून निसटली होती. जत्रेच्या गर्दीत आईचा हात सुटलेल्या मुलाला पुढच्याच पावलावर कोणीतरी धरते, तेच मोकळ्या माळावर ते दूरवर भटकते. दाट वायूत सुटलेला इलेक्ट्रॉन लगेच पुन्हा एखाद्या आयनाला सापडतो, विरळ वायूत तो मोकळाच राहतो. या तिन्हींना एका समीकरणात बांधले की कोणत्या तापमानाला आणि कोणत्या दाबाला किती अणू फुटलेले असतील याचा आकडा मिळतो.

त्या आकड्यांनी कोडी एकामागून एक सुटू लागली. सूर्याच्या पृष्ठभागाच्या वर, रंगावरणाच्या उंच थरांत, कॅल्शियमच्या आयनांच्या रेषा इतक्या ठळक का दिसतात? तिथे वायू अतिशय विरळ आहे म्हणून. व्याधात हायड्रोजनच्या रेषा ठळक का? साधारण दहा हजार अंश तापमानाला हायड्रोजनचे अणू त्या रेषा शोषण्याच्या योग्य स्थितीत सर्वाधिक असतात म्हणून. सूर्य सुमारे सहा हजार अंशांचा, तिथे ते प्रमाण फार कमी. तीस हजार अंशांच्या ओ वर्गाच्या ताऱ्यात हायड्रोजन बहुतेक फुटून गेलेला. म्हणजे हार्वर्डची अक्षरमाला ही मुळात तापमानाची उतरंड होती. वर्णपटांतला प्रचंड फरक द्रव्याच्या फरकामुळे नव्हे, परिस्थितीच्या फरकामुळे पडतो.

समीकरणातून एक भाकीतही निघत होते. रुबिडियमचा इलेक्ट्रॉन फार सहज सुटतो. म्हणून सूर्याच्या तप्त पृष्ठभागावर रुबिडियम असूनही दिसत नाही, कारण त्याचे जवळजवळ सगळे अणू फुटलेले आहेत आणि त्या आयनांच्या रेषा डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील भागात पडतात. पण सूर्यडाग तुलनेने थंड असतात. तिथे काही अणू शाबूत राहिले पाहिजेत आणि वर्णपटाच्या तांबड्या टोकाला त्यांच्या रेषा दिसल्या पाहिजेत. साहांकडे हे तपासायला साधने नव्हती. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर ती होती. तिथल्या सूर्यडागांच्या वर्णपटात अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना रुबिडियमच्या रेषा सापडल्या आणि १९२२ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. कागदावर मांडलेल्या गणिताने पंधरा कोटी किलोमीटरवरच्या एका दुर्मीळ धातूचा पत्ता सांगितला होता.

माउंट विल्सनच्या वेधशाळेचा उल्लेख आला आहे तर तिच्यामागच्या पैशाविषयीही सांगायला हवे, कारण मुंबईची कथा एकटी नाही. १८८० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात जमिनींच्या व्यवहाराची तेजी आली होती. त्या भरात तिथल्या एका विद्यापीठाने जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीसाठी पॅरिसहून काचेच्या दोन प्रचंड चकत्या मागवल्या. तेजी ओसरली, देणगीदार बुडाले, चकत्या पडून राहिल्या. १८९२ मध्ये जॉर्ज एलरी हेल या चोवीस वर्षांच्या तरुणाला हे कळले. त्याने शिकागोच्या ट्राममार्गांवर अफाट पैसा मिळवलेल्या चार्ल्स येर्क्सला गाठले. हा येर्क्स पूर्वी फिलाडेल्फियात शहराच्या पैशांतून सट्टा खेळून तुरुंगात जाऊन आलेला. त्याच्या पैशातून विस्कॉन्सिनमध्ये ४० इंची भिंगाची दुर्बीण उभी राहिली आणि १८९७ मध्ये वेधशाळेचे उद्घाटन झाले. खगोलनिरीक्षणासाठी वापरली गेलेली याहून मोठ्या भिंगाची दुर्बीण आजवर झालेली नाही. आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३७ मध्ये याच वेधशाळेत रुजू झाले. येर्क्सने दुर्बिणीसाठी पैसे दिले, ती चालवण्यासाठी मात्र हात आखडता घेतला, आणि हेलची पुढची वर्षे खर्चाची तोंडमिळवणी करण्यात गेली. पुढे अँड्र्यू कार्नेगी यांनी एक कोटी डॉलरचा कायमचा निधी असलेली संस्था काढली. तिच्या बळावर हेलने १९०४ मध्ये माउंट विल्सनची वेधशाळा उभारली. विश्व प्रसरण पावते आहे, हे दाखवणारी हबल यांची मोजमापे तिथेच झाली. तो निबंध १९२९ च्या मार्चमध्ये आला, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळण्याच्या सात महिने आधी.

साहांच्या समीकरणाचे सर्वांत मोठे फळ एका इंग्रज तरुणीच्या हातून आले. सिसिलिया पेन १९२३ मध्ये केंब्रिज सोडून हार्वर्डला आली, कारण इंग्लंडमध्ये स्त्रीला शिक्षिकेपलीकडे फारसे काही होता येत नव्हते. हार्वर्डच्या त्या काचा आणि साहांचे समीकरण तिने एकत्र आणले. रेषेची ठळकता पाहायची, त्या तापमानाला त्या मूलद्रव्याचे किती अणू रेषा उमटवू शकतात हे समीकरणावरून काढायचे, आणि उलटा हिशेब करून मूलद्रव्याचे खरे प्रमाण शोधायचे. सिलिकॉन, कार्बन, लोह यांसारख्या मूलद्रव्यांचे परस्पर प्रमाण पृथ्वीवरच्यासारखेच निघाले. पण हायड्रोजन धातूंच्या जवळजवळ दहा लाख पट निघाला, आणि हेलियमही प्रचंड.

तारे पृथ्वीसारख्याच द्रव्याचे आहेत, ही त्या काळातली सर्वमान्य समजूत होती. रसेल यांनी हा निष्कर्ष अशक्य असल्याचे तिला कळवले. १९२५ च्या प्रबंधात हायड्रोजनचे हे प्रमाण जवळजवळ नक्कीच खरे नाही, असे वाक्य तिला घालावे लागले. चार वर्षांनी रसेल स्वतः वेगळ्या मार्गाने त्याच निष्कर्षाला पोहोचले आणि त्यांनी तिच्या कामाची नोंद घेतली, पण शोधाचे श्रेय दीर्घकाळ त्यांच्याच नावावर जमा होत राहिले. आज आपण जाणतो की विश्वातल्या साध्या द्रव्याच्या वजनापैकी सुमारे तीन चतुर्थांश हायड्रोजन आहे आणि उरलेल्यातले बहुतेक हेलियम. या प्रमाणाचे कारण विश्वाच्या जन्मानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत दडलेले आहे. महास्फोटाच्या सिद्धान्ताचा हा एक भक्कम आधार आहे.

आता पैशाकडे परत येऊ, कारण त्यात एक घटक असा आहे ज्याचे नाव कोणत्याही मनोऱ्यावर नाही. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला तेजीत चार पैसे जास्त मिळाले, पण नफ्याचा मोठा वाटा व्यापारी, दलाल आणि निर्यातदारांकडे गेला. तेजीच्या काळात सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. पुढे भाव पडले, सरकारने जमिनीचा सारा वाढवला आणि कर्जे तशीच राहिली. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने लुटली, कर्जखते जाळली. हे दंगे नगर जिल्ह्यातही पसरले. दख्खनच्या दंग्यांची कारणे अनेक होती, पण कापसाच्या तेजीमंदीने बिघडवलेली घडी हे त्यांतले एक होते. साहांच्या शिष्यवृत्तीतला पैसा ज्या मातीतून निघाला, तिचे हे ऋण भारतीय विज्ञानाच्या इतिहासात लिहिले गेले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आणि दाता मिळाला तरी सगळेच टिकते असे नाही. पुण्याचे उदाहरण पाहा. कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकाने भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींकडून पाच हजार रुपये मिळवले, तेवढेच मुंबई सरकारने घातले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, १८८८ मध्ये ‘महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा’ उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांनी बनवलेली तिची २० इंची परावर्तक दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी होती. ताऱ्यांचा आणि सूर्याचा वर्णपट अभ्यासणारी ही भारतातल्या पहिल्या आधुनिक वेधशाळांपैकी एक. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा वेध नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून घेतला. पण वेधशाळा एका माणसावर उभी होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. साहांचे समीकरण यायला तेव्हा आठच वर्षे उरली होती. पुण्यात एखादा कायम निधी असता आणि नायगमवालांच्या जागी दुसरा कोणी बसला असता, तर ताऱ्यांच्या वर्णपटांचा अभ्यास या शहरात अखंड चालू राहिला असता.

साहांनाही हा अनुभव चुकला नाही. १९२१ मध्ये युरोपातून परतल्यावर कलकत्त्यात प्रयोगशाळेसाठी पैसा मिळेना. १९२३ मध्ये ते अलाहाबादला गेले. तिथेही १९२७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाल्यावरच प्रांताच्या गव्हर्नरांनी वर्षाला पाच हजार रुपये मंजूर केले. हवेच्या अडथळ्यापलीकडे, स्थितांबरात नेलेली सौर वेधशाळा असावी, ही कल्पना त्यांनी १९३० च्या दशकात मांडली. अवकाशातल्या दुर्बिणी त्यानंतर कित्येक वर्षांनी आल्या.

स्वातंत्र्यानंतर मोठ्या विज्ञानाचा भार सरकारने उचलला, आणि ते योग्यच झाले. १९४५ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने सुरू झालेली टाटा मूलभूत संशोधन संस्था पुढे सरकारी निधीवर वाढली. नारायणगावजवळच्या खोडदची, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण तिचीच. हिंगोली जिल्ह्यात, हळद आणि कापूस पिकवणाऱ्या औंढा नागनाथ तालुक्यात, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजांसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. तरीही संशोधन आणि विकासावर आपल्या देशाने २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च केला. २०२३ मध्येच कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये ठरवले गेले आणि त्यातले सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून आणि देणगीदारांकडून यावेत अशी अपेक्षा आहे.

म्हणजे प्रेमचंद रायचंदांच्या जातीच्या दात्यांकडे देश पुन्हा पाहतो आहे. शेअरबाजाराची आजची तेजी किती दिवसांची, हे कोणीच सांगू शकत नाही. ज्या वाचकांना या तेजीत चार पैसे अधिक मिळाले असतील त्यांना माझी विनंती आहे. आपल्या जुन्या महाविद्यालयाला इमारतीसाठी किंवा कोनशिलेसाठी देण्याऐवजी ते मुद्दल म्हणून द्या. मुद्दलेला हात लागणार नाही अशी अट घाला आणि तिचे व्याज दर वर्षी मूलभूत विज्ञानात काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याला मिळेल, असे लिहून घ्या. रक्कम लहान असली तरी चालेल.